शेली-ॲनचं उदाहरण देऊन मुलींची धाव थांबवू नका

मैदानमावशी
माझ्याकडे सरावाला येणारी एक मुलगी गेल्या आठवड्यात रडवेली होऊन आली. वय २३. दहिसरहून पहाटेची लोकल पकडते, १०० मीटरला स्टॉपवॉचवर १२.१ सेकंद लावते. तिचं लग्न ठरतंय. मुलाकडची माणसं वाईट नाहीत, त्यांना तिच्या पळण्याचं कौतुकच आहे. पण बोलणी चालू असताना त्यांच्यातलं कुणी तरी म्हणालं, "आधी एक मूल होऊन जाऊ दे, मग पळ की! ती जमैकाची नाही का, पोराला कडेवर घेऊन मैदानभर फिरली?"

म्हणजे शेली-ॲन फ्रेझर-प्राइस. २०१९ ची दोहाची जागतिक स्पर्धा. १०.७१ सेकंदांत सुवर्ण जिंकून तिने दोन वर्षांच्या झायनला उचलून घेतलं, तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. मलाही तो फार आवडतो. पण ऑगस्ट २०१७ मध्ये झायन झाला तेव्हा ती ३० वर्षांची होती. २००८ आणि २०१२ ची ऑलिंपिक सुवर्णं, २००९, २०१३ आणि २०१५ ची जागतिक विजेतेपदं, हे सगळं १०० मीटरमध्ये तोवर तिच्या पदरात पडलेलं होतं. आमच्या मुलीच्या पदरात अजून राज्य स्पर्धेचं एक कांस्य आहे. तिला कुणी शेली-ॲन दाखवणार असेल तर ती पहिली दहा वर्षंसुद्धा दाखवा.

रुळावरची
मावशी, मला हे पटत नाही. मी खेळ कोट्यातून रेल्वेत लागले, ४x१०० रिले पळायचे. २७ व्या वर्षी मूल झालं. १८० दिवसांची रजा संपवून पुन्हा मैदानावर गेले, तर सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचं एकच, आता पुरे. त्या वेळी मला हा फोटो मिळाला असता तर भिंतीवर लावला असता. मॉस्कोत २०१३ मध्ये तिची विजयी वेळ किती होती? १०.७१. दोहात, मूल झाल्यावर? पुन्हा १०.७१. शंभरावा भागही इकडचा तिकडे नाही! याहून मोठा पुरावा काय हवा? तुम्ही हे उदाहरण बाजूला काढलंत तर मूल झालेल्या मुलींनी कुणाकडे बघायचं?

जुना_प्रेक्षक
बघायला आणखीही आहेत. हॉलंडची फॅनी ब्लँकर्स-कोएन, १९४८ चं लंडन ऑलिंपिक. वय ३०, दोन मुलांची आई, आणि १००, २००, ८० मीटर अडथळे, रिले अशी चार सुवर्णं. तेव्हा लोक तिला म्हणत होते, वय झालं, घरी बसून पोरं सांभाळ. आता म्हणतात आधी पोर होऊ दे. मला यात एकच गोष्ट खटकते, ती म्हणजे बाईने कधी पळायचं हे दरवेळी दुसराच कुणी तरी सांगतो.

पाठीचा_कणा
मी फिजिओ आहे, बाळंतपणानंतरच्या बायका माझ्याकडे रोज येतात. १०.७१ आणि १०.७१ जुळले म्हणून शरीराला काही झालंच नाही, असं कृपा करून समजू नका. ब्लॉकमधून, म्हणजे सुरुवातीला पाय रोवतात त्या आधारावरून, निघताना सगळा जोर ओटीपोट आणि कंबरेतून जातो, आणि गरोदरपणात ताणले जातात ते नेमके तेच स्नायू. ते परत बांधता येतात, नक्की येतात. पण त्याला महिनोन् महिने लागतात आणि रोज लक्ष देणारं माणूस लागतं. शेली-ॲनच्या मागे प्रशिक्षक होते, उपचार होते, पैसा होता. विरारच्या गाडीत उभं राहून येणाऱ्या मुलीच्या मागे कोण आहे?

धावरेषा
पैशाचं म्हणाल तर ॲलिसन फेलिक्सलाही तो सहज मिळाला नव्हता. ऑलिंपिक सुवर्णं जिंकलेली धावपटू, तरी मुलगी झाल्यावर नायकेबरोबरच्या करारात आईपणाचं संरक्षण मागावं लागलं. २०१९ मध्ये तिने हे जाहीरपणे लिहिलं, तेव्हा कंपनीने धोरण बदललं. पुढे टोकियोत तिने ४०० मीटरचं कांस्य आणि रिलेचं सुवर्ण घेतलं. म्हणून मी रुळावरचीच्या बाजूने आहे. या बायका परत आल्या म्हणून नियम हलले. उदाहरणं झाकून ठेवली तर आपल्याकडेही काही हलणार नाही.

मैदानमावशी
झाकायचं नाहीच आहे. पण फेलिक्स बोलली तेव्हा तिचं ऐकावंच लागलं, कारण आधीची पदकं होती. माझी मुलगी कुणाच्या दारात जाऊन बोलणार?

रुळावरची
मावशी, रात्रभर विचार केला. एक गोष्ट मी आधीच लिहायला हवी होती. रेल्वेच्या खेळ कोट्यातल्या थेट भरतीला वय १८ ते २५. त्यात सवलत नसते, आणि कामगिरीही अलीकडचीच धरतात, जुनी प्रमाणपत्रं चालत नाहीत. मला रजा मिळाली, पगार चालू राहिला, ते आधी नोकरी होती म्हणून. तुमची मुलगी २३ ची आहे. म्हणजे तिच्या हातात दोनच वर्षं आहेत. मूल झाल्यावर धाव परत येईल, मी स्वतः अनुभवलंय. पंचविशी परत येणार नाही. फोटोबद्दलचं माझं मत तेच आहे, पण तिने आता थांबू नये, हे तुमचं बरोबर.

मैदानमावशी
हे वयाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रविवारी मुलाकडचे दादरला येणार आहेत, मुलीने मलाही बोलावलंय. तुम्ही याल का? माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील. तुम्ही नोकरी, मूल, धाव, तिन्ही केलंय. आणि तो दोहाचा फोटो आणाच, सोबत मॉस्कोचाही आणा.

रुळावरची
दुपारची ड्यूटी बदलून घेते. माझं भरतीचं पत्रही घेऊन येते, त्यावरची तारीख त्यांना दाखवू.