मदत हवी आहे: सोलर होडीची मोटर २५ मिनिटांत बंद पडते

जाळंवाला
होडीला इलेक्ट्रिक मोटर बसवली, छपरावर सोलर. फुल स्पीड दिला की २५ मिनिटांत बंद. मीटर बघावा तर ४९ व्होल्ट! दहा मिनिटं थांबलं की परत सुरू. मोटरचा कंट्रोलर गेला का? लवकर सांगा, पहाटे निघायचंय.

उधाण
मोटर केवढी? बॅटरी कुठली? केबल किती जाड, किती लांब? ज्योतिष येत नाही इथे कुणाला.

सूर्यफूल
पॅनेल वाढवा.

जाळंवाला
३ किलोवॅट. १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरच्या चार लेड-अ‍ॅसिड सिरीजमध्ये, ४०० वॅटचे दोन पॅनेल. मोटर मागे, म्हणून वजनासाठी बॅटऱ्या पुढे नाळेत. ७ मीटर केबल, ६ चौरस मिमी. पडून होती तीच वापरली.

उधाण
सापडलं. फुल स्पीडला ६० अँपिअरच्या वर खेचतेय. जाऊन-येऊन १४ मीटर तांबं, त्यात अडीच व्होल्ट जिरतात. बॅटरी ४४.५ ला असतानाच कंट्रोलरला ४२ दिसतात आणि तो कट मारतो. लोड सुटला की व्होल्टेज वर येतं, म्हणून मीटर साळसूद.
फुल स्पीडला मल्टिमीटर आधी बॅटरीच्या टर्मिनलवर, मग कंट्रोलरच्या टर्मिनलवर लावा. फरक एक व्होल्टच्या वर गेला तर दोष केबलचा किंवा लगचा (केबलच्या टोकाचा धातूचा कान). मोटर बंद करून लग बघा: गरम म्हणजे क्रिंप (दाबून केलेला जोड) ढिला, हिरवट म्हणजे खाऱ्या हवेने तांबं खाल्लंय.

सूर्यफूल
तरी पॅनेल कमीच आहेत.

उधाण
८०० वॅट भर उन्हातही ३००० ला पुरणार नाहीत. वर छपराला वारा जास्त धरेल.

लिथियमप्रेमी
लेड-अ‍ॅसिड काढा. लिथियम फेरो फॉस्फेटचे १६ सेल, विषय संपला.

उधाण
केबल तीच राहिली तर अडीच व्होल्ट तसेच जाणार. आणि बदललीत तर सोलरच्या चार्ज कंट्रोलरचं इक्वलायझेशन (लेड-अ‍ॅसिडसाठी मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणं) बंद करा, हे का सांगत नाही?

वल्हं
वेग २० टक्के कमी ठेवा, ताकद जवळपास निम्मीच लागते. फुकटचा उपाय.

गोडंपाणी
पॅनेलवरचं मीठ गोड्या पाण्याने धुवा, कोरडं पुसू नका. काचेवर चरे पडतात.

जाळंवाला
मीठ कुणी विचारलं? मोजलं: बॅटरीवर ४५.१, कंट्रोलरवर ४२.३. २५ चौरस मिमीची केबल टाकतो.

उधाण
टिन्ड घ्या, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेली. फ्यूज बॅटरीपासून किती अंतरावर आहे?

जाळंवाला
फ्यूज?