मोटरचं हँडल वळता वळेना

प्रश्न: बामणोलीत माझी छोटी होडी आहे, शिवसागर (कोयना धरणाच्या जलाशया)पलीकडच्या शेतावर जायला. पावसाळाभर वर ओढून ठेवलेली. आता होडीच्या मागे लावलेल्या ९.९ एचपी मोटरचं, दिशा वळवायचं हँडल दोन्ही हातांनी लावलं तरी जेमतेम हलतं. काय करू?

उत्तर: हँडल घट्ट-सैल करायचा स्क्रू पाहिलात का? आवळलेला असेल.

प्रश्नकर्ता: पूर्ण सैल केला, फरक नाही.

उत्तर: दादा, मग आतलं ग्रीस वाळलंय. मोटर ज्या उभ्या नळीत फिरते, तिथे ग्रीसचं निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं छोटं तोंड असतं. माझं तर चिखलाने पार बुजलेलं, टाचणीने कोरलं तेव्हा दिसलं. तिथून ग्रीसगन मारा, एकीकडे कुणाला तरी हँडल डावी-उजवीकडे हलवायला सांगा. आधी काळपट, मेणासारखं जुनं ग्रीस निघेल. नवं स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नका. गन दाबली जात नसेल तर निप्पलच बदला, फटीत गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा. हँडलला पाइप लावून जोर मात्र करू नका, ब्रॅकेट मोडतं. आणि ग्रीस पाण्यात न धुपणारं, मरीनचंच घ्या.

प्रश्नकर्ता: निप्पल सापडलं! सकाळी बसलो, दुपारी एका हाताने वळायला लागलं. फार उपकार झाले, दादा.