मदत हवी आहे: माझी नायिका बाराव्या प्रकरणात अचानक मूर्ख होते

नमस्कार मंडळी,

मी गोव्यात फोंड्याजवळ राहतो. तीन वर्षं एक अद्भुतरम्य कादंबरी लिहितोय. तिसरा खर्डा चोडणच्या मामाला वाचायला दिला आणि तिथेच घोळ झाला. मामाचं अर्धं आयुष्य खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांधाआडच्या शेतांत, गेलेलं. त्याने एका संध्याकाळीत कादंबरी वाचली आणि जेवायच्या आधी तिचे तीन तुकडे करून ठेवले.

कथा थोडक्यात: नदीकाठची पाच गावं, बांधाआड खारी शेतं. सावळ ही मानशीची राखणदारीण. मानस म्हणजे बांधातलं पाणी आत-बाहेर सोडणारं दार (घाटावरच्या वाचकांसाठी सांगितलं). काळवा सरदार नदीतून सैन्य घेऊन येतो. त्याला ती शेतं हवी आहेत. बाराव्या प्रकरणात एक परका माणूस रात्री येऊन सांगतो, "पलीकडचा बांध फुटला." सावळ दार सोडून त्याच्यामागे जाते, काळव्याची माणसं दार उघडं धरतात, खारं पाणी आत शिरतं, गावं बुडतात.

मामा म्हणाला, "अरे बाबा, ते दार कोणी राखत बसत नाही. भरतीचं पाणी नदीकडून दाबलं की आपसूक मिटतं, ओहोटीला आतलं पाणी रेटतं तेव्हा उघडतं. आणि सहा तासांनी ओहोटी लागली की तुझा महापूर आल्या वाटेने परत जाईल." दुसरं, काळव्याला भात हवंय तर तो शेतात खार कशाला घालेल? जमीन खारी झाली की पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत पीक नाही. कोरगुटसारखं खार सोसणारं भातही सोसून किती सोसेल?

तिसरा वार बायकोने केला. चौथ्या प्रकरणात गावचा देवचार (गावाचा राखणदार) सावळच्या आजोबांना क्षणात नदीपार नेऊन घरी सोडतो. मग बाराव्यात तो कुठे असतो? "सुट्टीवर गेला का?"

पण मला खरी बोच वेगळीच आहे. पहिली अकरा प्रकरणं ही बाई पाण्यात बोट बुडवून खार चाखल्याशिवाय कोणाचा शब्द खरा मानत नाही. ती एका परक्याच्या एका वाक्यावर उठून जाते. का? तर मला तेरावं प्रकरण लिहायचं होतं म्हणून. त्या माणसाला मोहिनी मंत्र देऊन बघितला, पण मग चूक तिची उरतच नाही. एक जुनी भविष्यवाणीही घुसडली. ती वाचताना माझी मलाच लाज वाटली.

तर विचारायचं हे की आधी काय दुरुस्त करू, दाराचं तर्कशास्त्र की सावळ?

प्रतिसाद

दोन्ही एकाच जागी दुरुस्त होतील असं वाटतं. आमच्याकडे मानशीवरच्या मासेमारीची पावणी (लिलाव) होते. भरतीबरोबर मासे आत यावेत म्हणून दार मिटू न देण्याचा मोह ज्याने पावणी घेतली त्याला असतो, आणि शेतकऱ्यांशी भांडणं होतात ती त्यावरूनच. तुमचं दार बाहेरच्या सैन्याने कशाला उघडायचं? पावणी सावळच्या भावाने घेतली आहे असं करा. दार अडवलेलं तिला दिसतं, पाणी चाखल्यावर कळतंही, पण भाऊ आहे म्हणून ती गप्प बसते. ती फसत नाही, ती लपवते. रोज दोन भरत्या, रोज थोडं खारं पाणी, आणि अमावास्येच्या उधाणाला बांधच जातो. मग ते ओहोटीने परत जाणारं पाणी राहत नाही. काळव्यालाही भात नको, मासे हवेत. म्हणजे खारी जमीन त्याच्या फायद्याची.

देवचाराला शिवेत बांधा. तो गावची शीव राखतो, ओलांडत नाही. मात्र चौथ्या प्रकरणातली ती नदीपार फेरी काढावी लागेल.

धागाकर्ता

भावाचं वाचून मी दहा मिनिटं नुसता बसून होतो. पहिल्या प्रकरणात तिला भाऊ आहे! दोन ओळींत येतो, जाळं विणतो आणि पुढे मी त्याला पार विसरून गेलो.

अडचण एवढीच की मग सैन्य लागतच नाही. म्हणजे सगळं नदीयुद्ध, साठ पानं, होड्यांच्या नावांसकट गेलं. आणि खरं सांगायचं तर मला ते युद्धच सगळ्यात जास्त आवडतं. ते वाचवायला कोणाला वाट दिसली तर सांगा, पण खोटी आशा दाखवू नका.

कोणी नवं बारावं प्रकरण वाचून देईल का? पंधरा दिवसांत लिहितो. खाजनात वावरलेलं कोणी असेल तर आधी एक सांगा: दार मिटू नये म्हणून त्याला पाचर मारतात की दोरीने बांधून ठेवतात? मामाला विचारलं असतं, पण तो सध्या मला बघितलं की हसायलाच लागतो.