मदत हवी आहे: गेम सर्व्हर एम्युलेटर नवशिक्यांसाठी सोपा कसा करावा? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला सिडकोत डिप्लोमा आणि अकरावी-बारावीच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवते. वर्गातल्या काही मुलांनी ध्यास घेतलाय की स्वतःचा गेम सर्व्हर चालवायचा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची जुनी ३.३.५ आवृत्ती आणि तिच्यासाठी अ‍ॅझरोथकोर हा एम्युलेटर त्यांनी निवडलाय. मला हे मनापासून आवडलं. या एका उद्योगात डेटाबेस, नेटवर्क, लिनक्स असं सगळं हाताखालून जातं, आणि पोर्ट (जोडणीसाठी मशीनवरचं क्रमांकाचं दार) म्हणजे काय हे फळ्यावर समजावताना जो घसा कोरडा पडतो तो इथे पडत नाही.

विषय नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. ऑनलाइन खेळाचा अर्धा भाग आपल्या मशीनवर असतो आणि अर्धा कंपनीच्या सर्व्हरवर. एम्युलेटर म्हणजे तो दुसरा अर्धा भाग बाहेरच्या लोकांनी स्वतः लिहून काढलेला. अ‍ॅझरोथकोरमध्ये ऑथसर्व्हर ३७२४ पोर्टवर नाव-पासवर्ड तपासतो, वर्ल्डसर्व्हर ८०८५ वर प्रत्यक्ष खेळ चालवतो आणि मागे मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये तीन डेटाबेस असतात: खाती, पात्रं आणि जग.

आता अडचण. इंग्रजीत माहिती भरपूर आहे, पण ती ज्याला आधीच येतं त्याच्यासाठी लिहिलेली वाटते. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी वर्ल्डसर्व्हरवर डबल क्लिक करते. काळी खिडकी उघडते, ओळी सरसर वर जातात, खिडकी बंद. डेटाबेसचा पासवर्ड चुकला असेल, नकाशांचा फोल्डर सापडला नसेल, काहीही असो, तिला दिसतं एकच: खिडकी गेली. तीच फाइल कमांड प्रॉम्प्ट उघडून तिथून चालवली की शेवटची ओळ थांबून राहते आणि कारण वाचता येतं. हे एवढंसं वाक्य मला कुठल्याही 'सोप्या' मार्गदर्शकात पहिल्या पानावर दिसलं नाही.

दुसरी गोष्ट याहून छळणारी. सर्व्हर चालू, खातं तयार, लॉगिनही होतं. सर्व्हरचं नाव यादीत दिसतं, त्यावर क्लिक केलं की थोडा वेळ जातो आणि परत तीच यादी. ज्याच्या लॅपटॉपवर सर्व्हर आहे त्याचं मात्र व्यवस्थित चालतं. कारण खात्यांच्या डेटाबेसमधल्या रिअल्मलिस्ट टेबलात पत्ता १२७.०.०.१ असाच राहिलेला असतो. ऑथसर्व्हर तोच पत्ता मित्राच्या मशीनला सांगतो आणि ते मशीन सर्व्हर स्वतःतच शोधत बसतं. तिथे सर्व्हरवाल्या लॅपटॉपचा वायफायवरचा पत्ता टाकला की काम होतं. पण हे मुलाला आपोआप कसं कळावं?

म्हणून माझं ठाम मत झालंय की नवशिक्याला एका क्लिकच्या इन्स्टॉलरपेक्षा 'कुठे अडलंय' हे मराठीत सांगणारी तपासणी जास्त हवी. तशी एक स्क्रिप्ट आणि सोबत मराठी पुस्तिका करायला घेतली आहे. फुकट वाटणार आहे. जाणकारांनी कृपया पुढच्या गोष्टींवर मार्गदर्शन करावं.

सर्व्हर डॉकरमध्ये (म्हणजे लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट एका बंद डब्यात, कंटेनरमध्ये) चालवावा की विंडोजवर थेट? मुलांचे लॅपटॉप बहुतेक ८ जीबी रॅमचे, एक-दोन ४ जीबीचे. शिवाय दोन मित्र पुण्याला शिकायला गेलेत, त्यांनाही जोडायचंय. घरच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली जोडणी सर्व्हरच्या मशीनकडे वळवणं) करूनही बाहेरून जोडणी होत नाही. आणि सगळ्यात जास्त काळजी कायद्याची आहे. मी शिक्षिका आहे, मुलांना चुकीच्या वाटेला लावायचं नाही.

प्रतिसाद १

ताई, उपक्रम फार चांगला आहे. मी अंबडला एका कारखान्यात सर्व्हर सांभाळतो, त्या अनुभवावरून सांगतो.

डॉकरच घ्या, पण मुलांना घरी सर्व्हर कंपाइल करायला (मूळ कोडपासून बनवायला) लावू नका. सी प्लस प्लसचा एवढा मोठा कोड चार-चार फाइली एकदम कंपाइल करायला घेतला की ८ जीबी रॅम पुरत नाही, आणि लिनक्स मध्येच कंपायलर मारून टाकतं. स्क्रीनवर फक्त 'किल्ड' दिसतं. अ‍ॅझरोथकोर प्रकल्पाच्या तयार इमेज (कंटेनरचे साचे) मिळतात, त्या ओढून घ्या. नकाशांचंही तेच. मॉन्स्टरांना वाट शोधायला लागणारे एममॅप्स घरी काढायला तासन् तास लागतात, डॉकरच्या मांडणीत तयार डेटा उतरवणारा वेगळा कंटेनर आहे. ४ जीबीवाल्यांना सर्व्हर चालवायला देऊच नका, त्यांनी नुसतं खेळावं.

पुस्तिकेत एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहा: कंटेनर बंद करताना 'डाउन'च्या पुढे 'व्ही'चा पर्याय लावायचा नाही. त्याने व्हॉल्यूम (डेटा साठवायच्या जागा) पुसले जातात, म्हणजे सगळ्यांची पात्रं गेली. आणि पावसाळ्यात आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही. वर्ल्डसर्व्हर पात्रं मूळ सेटिंगनुसार दर १५ मिनिटांनी सेव्ह करतो, ते अंतर कमी करून ठेवा.

तपासणीची स्क्रिप्ट खालून वर जाऊ दे. डेटाबेस उत्तर देतोय का, तिन्ही डेटाबेसमध्ये टेबलं आहेत का, नकाशांचे फोल्डर जागेवर आहेत का, दोन्ही पोर्ट ऐकतायत का, रिअल्मलिस्टमधला पत्ता काय. पहिल्याच चुकीवर थांबायचं. नवशिक्याला एकदम पाच चुका दाखवल्या की तो शेवटचीच दुरुस्त करत बसतो. विंडोजमध्ये वायफाय 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असेल तर फायरवॉल बाहेरच्यांना अडवते, तेही तपासा.

प्रतिसाद २

पुण्याच्या मित्रांबद्दल. राउटरच्या पानावर वॅन पत्ता (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता कंपनीने अनेक घरांना वाटलाय, तिथे तुमचं पोर्ट फॉरवर्ड पोचतच नाही. ब्रॉडबँडवाल्याकडून स्थिर पत्ता घेता येतो, पण मुलांनी त्याला पैसे का घालावेत? टेलस्केल किंवा झिरोटियर लावा. सगळी मशीन एका खासगी जाळ्यात येतात, त्या जाळ्यातला सर्व्हरचा पत्ता रिअल्मलिस्टमध्ये टाकायचा. जगाला काहीच उघडं राहत नाही हा मोठा फायदा. ३३०६ म्हणजे डेटाबेसचं पोर्ट तर कधीच इंटरनेटवर उघडू नका.

प्रतिसाद ३

मॅडम, तुमची काळजी रास्त आहे. अ‍ॅझरोथकोरचा कोड मुक्त परवान्याखाली आहे, पण खेळाच्या फाइली, चित्रं, आवाज कंपनीचेच. बीनेटडी या एम्युलेटरवर वॉरक्राफ्टच्या कंपनीने, ब्लिझार्डने, २००२ मध्ये अमेरिकेत दावा लावला आणि २००५ मध्ये अपील कोर्टात निकाल कंपनीच्या बाजूने लागला. २०१६ मध्ये नोस्टॅलरियस हा वॉरक्राफ्टचा चाहत्यांनी चालवलेला मोठा सर्व्हर कायदेशीर नोटिशीनंतर बंद झाला. उलट उदाहरणही आहे: सिटी ऑफ हीरोज २०१२ मध्ये बंद पडला आणि चाहत्यांच्या होमकमिंग सर्व्हरला जानेवारी २०२४ मध्ये त्या खेळाच्या कंपनीने, एनसीसॉफ्टने, रीतसर परवाना दिला. पण तो परवाना त्या एका खेळापुरता.

वर्गासाठी मी वेगळा मार्ग सुचवेन. 'द माना वर्ल्ड' हा खेळ बघा. त्याचा टीएमडब्ल्यूअथीना सर्व्हर रॅग्नरॉक या ऑनलाइन खेळाच्या ईअथीना एम्युलेटरपासूनच निघालाय, पण खेळ मात्र त्यांचा स्वतःचा, चित्रांसकट मुक्त परवान्याखाली. लॉगिन, कॅरेक्टर आणि मॅप असे तीन सर्व्हर तिथेही जुळवावे लागतात, त्यामुळे शिकणं तेच होतं.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. राउटरचा पत्ता आत्ताच पाहिला, १००.७२ ने सुरू होतोय. म्हणजे सीजीनॅटच.

वर्गात 'माना वर्ल्ड'पासून सुरुवात करणार हे नक्की केलं, पुस्तिकेचा पहिला भागही त्याचाच. पहिल्याच चुकीवर थांबायची सूचना स्क्रिप्टमध्ये घेते. आता प्रत्येक चुकीचा मराठी संदेश लिहायला बसलेय, उदाहरणार्थ: 'डेटाबेस चालू आहे, पण पासवर्ड जुळत नाही. सेटिंगच्या फाइलमधली पासवर्डची ओळ बघा.' हा संदेश तुमच्या घरातल्या दहावीतल्या मुलाला वाचून दाखवा आणि तो कुठली फाइल उघडायला जातो ते इथे लिहा. बाकीचे संदेशही याच धाग्यावर टाकत जाईन.