स्कूटीवरून बाईकवर येणाऱ्यांसाठी

काही जण म्हणतात ना की आधी स्कूटी शिका मग बाईक आपोआप येते, मला नाही पटत भाऊ. ज्याला सायकल येते त्याला बॅलन्स येतोच, खरी गोम क्लचची (इंजिनाची ताकद चाकाला जोडणारा-तोडणारा लिव्हर) आहे, आणि स्कूटीवाल्याची सवयच नडते. स्कूटीला डाव्या हातात मागचा ब्रेक, बाईकला तिथेच क्लच. गाय आडवी आली की हा घाबरून डावा हात आवळतो आणि गाडी थांबायची सोडून मोकळी होऊन सुसाट पुढे. आमच्या भाच्याचं अस्संच व्हायचं बे.

मग त्याला सकाळी सकाळी रेशीमबाग ग्राउंडवर नेलं, कारण उन्हाळ्यात नऊनंतर नागपुरात हेल्मेट घालून शिकणं म्हणजे शिक्षाच. अ‍ॅक्सिलरेटरला हातच लावू दिला नाही, पहिला गिअर टाकून नुसता क्लच हळूहळू सोडायचा, एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, हँडल थोडं थरथरतं, तिथेच हात रोखून धरायचा आणि पाय जमिनीला घासत गाडी पुढे जाऊ द्यायची. हे जमलं की अर्धी बाईक आली समजा, गिअरचं काय, ते होऊन जाते. मग सेमिनरी हिल्सच्या चढावर अर्ध्यात थांबवून परत निघायला लावा, उजवा पाय ब्रेकवर दाबून.

आणि हो, गिअरच्या गाडीचं लर्निंग लायसन्स वयाची १८ झाल्यावरच निघते, दहावीतल्या पोरांना बुलेट देणाऱ्या बापांनी हे आधी वाचा!