कान्हेरीत "बघण्यासारखं काही नाही"?

रानवाट: काल इथेच कुणीतरी लिहिलं की बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत अर्धा दिवस फुकट गेला, शंभर रिकाम्या खोल्या, एक चैत्य म्हणजे प्रार्थनेचं दालन, बाकी माकडं, त्यापेक्षा वेरूळ गाठा. वाचून डोकंच सणकलं. अरे त्या रिकाम्या खोल्या म्हणजेच कान्हेरी! इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत भिक्खू तिथे राहिले, हजार वर्षं. विहारात, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या लेण्यात, शिरलात तर भिंतीला लागून दगडाचाच ओटा आहे, झोपायला, आणि बाहेर पाण्याचं टाकं. मागच्या जुलैत मी एका टाक्यापाशी तासभर बसलो होतो. वरच्या कातळात चार बोटं रुंद पन्हळ कोरलीय, पाणी तिच्यातून वळत वळत येतं आणि बरोब्बर टाक्यात पडतं, अजून. तिथल्या शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय, कल्याण-सोपाऱ्याच्या लोकांची दानं आहेत. यापुढे अजून काय बघायचंय?

मुलुंडकर७४: ती पोस्ट माझी. मी सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन मे महिन्यात गेलो होतो, पायऱ्या चढून ती तिसऱ्या लेण्यातच बसली, तुमच्या पन्हळी ठणठणीत कोरड्या, आणि डब्याची पिशवी माकडाने ओढून नेली. ज्याला आधीपासून माहीत आहे त्याला सगळं दिसतं. आम्ही गुफा बघून परत आलो, खोटं कशाला बोलू?

सई_बो: आधी 'गुफा' म्हणणं सोडा हो. गुहा आपोआप होते, लेणी माणूस छिन्नीने कोरतो. मराठी माणूसच असं बोलायला लागला तर अवघड आहे.

घाटमाथा: शब्द राहू दे बाजूला, भिंतींचं बघा. वरच्या एका विहारात ओट्याच्या अगदी वर बदाम आणि दोन नावं खरवडलीत, ताजी, खाली दगडाचा भुगा पडलेला. माझा मुलगा विचारतो, बाबा हे पण जुनं का? काय सांगू त्याला?

मुलुंडकर७४: मग नव्वद नंबरच्या लेण्यात पारशांनी १००९ आणि १०२१ साली पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत, नावं कोरलीच ना? ती कौतुकाने दाखवता. फरक काय, फक्त हजार वर्षांचा?

घाटमाथा: काहीही काय! ते लोक बापाच्या नावासकट, तारखेसकट लिहून गेले, पारशी तेव्हा या किनाऱ्यावर होते याचा तो पुरावा आहे. बदामाने कशाचा पुरावा मिळणार?

मुलुंडकर७४: हेच हजार वर्षांनी कुणीतरी बदामाबद्दल म्हणेल. चिडू नका, उत्तर द्या.

सई_बो: उत्तर सोपं आहे, आज ते संरक्षित स्मारक आहे, १९५८च्या कायद्याने गुन्हा आहे. माझ्या आजोबांनी आयुष्यभर शिलालेखांचे ठसे घेतले, एका अक्षराचा टवका उडाला तर घरी येऊन जेवायचे नाहीत. आणि तुम्ही इथे वकिली करताय!

रानवाट: सई, दमाने. त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही, पारशांनी कोरलं तेव्हाही ती भिंत दुसऱ्या कुणाची तरी होतीच. एवढं कबूल. पण म्हणून आज खिळा घेऊन जायची मुभा मिळत नाही.

पाड्याजवळ: सगळे दगडावरच बोलताय. भोवती १०३ चौरस किलोमीटर रान आहे, त्यात बिबटे राहतात, तुळशी आणि विहार तलावांचं पाणी मुंबई पिते. ते माकड पिशवी ओढतं कारण आपल्यासारख्यांनीच त्याला वर्षानुवर्षं वेफर्स चारलेत. आधी खायचं आणणं बंद करा, मग शिलालेख वाचा.

मुलुंडकर७४: खायला आम्ही घातलं नव्हतं, पण पिशवी हातात उघडी होती, तेवढी चूक माझी. आणि आता आठवलं म्हणून सांगतो, आई दमली तेव्हा एका खोलीत त्या ओट्यावर आडवी झाली होती. बाहेर पाय भाजत होते आणि आत दगड गार. निघताना म्हणाली, "इथे झोप लागेल रे". पोस्टमध्ये हे लिहायला हवं होतं. रिकामी खोली म्हणालो ते मागे घेतो, बाकीचं नाही. पावसात आईला कुठवर नेता येईल?

रानवाट: तिसऱ्यापर्यंत, सावकाश. पडवीतले वीस फुटांहून उंच दोन बुद्ध बसून बघता येतात त्यांना. वरच्या टाक्यांकडे तुम्ही एकटे जा, कातळावर शेवाळ असतं, चपला घालून जाऊ नका. सोमवार सोडून, सकाळी लवकर.