आत्ताची मास्तरकी जड की पूर्वीची?

खडूवाली बाई (खानापूर तालुका, बेळगाव)
परवा एका लग्नात निवृत्त गुरुजी भेटले. "तुम्हाला काय ओ, पुस्तकं फुकट, पोरांना जेवण, हातात मोबाईल. खरी मास्तरकी आम्ही केली." घास कडू झाला.
माझी सरकारी मराठी शाळा, पाचवीपर्यंत, शिक्षक दोन. सोमवारचं सांगते. दुधाची पावडर मोजली, अंड्यांची नोंद केली. मग एका पोराचं नाव एसएटीएस (कर्नाटकातली विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद) आणि आधारवर जुळेना, इंग्रजीत एक 'एच' जास्त. ओटीपी बाबांच्या मोबाईलवर, बाबा गोव्यात सेंट्रिंगच्या कामावर. तीनदा फोन केला. तोवर तिसरीनं भागाकार सोडून फळ्यावर बैल काढला. (छान काढला होता, ते सोडा.) २०२५ च्या दसऱ्यात सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण आमच्याच गळ्यात. सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढली ती पोरांची, आमची न्हवे.

इरलंवाला
लग्नातला तो मी न्हवं, खरं माझंही तेच म्हणणं आहे. १९७८ ला कणकुंबीच्या पलीकडं नेमणूक. पावसाळाभर इरलं घेऊन चालत. साकव वाहून गेला की शाळेतच मुक्काम. चार वर्ग आणि मी एकटा. रोप लावणी लागली की पटावर चाळीस, समोर नऊ. बाकीच्यांना बांधावरनं आणायचं. आणलेलं पोर उपाशी, अकराला डुलक्या घ्यायचं. तुमचं दुपारचं जेवण आलं २००० नंतर. अंड्यांची नोंद मी रोज दोनदा केली असती, बाई.

निपाणीचा बाप
दोघांचं रडून झालं असंल तर एक विचारतो. मास्तरांची स्वतःची पोरं कुठल्या शाळेत?

खडूवाली बाई
माझी मुलगी इंग्रजी शाळेत. घरात भांडून हरले. लाज वाटते, खरं लपवत न्हाई.
तुम्ही पहिलीच्या वर्गात एकदा येऊन बसा मात्र. घरी मराठी बोलणारं पोर, त्याला देवनागरी, इंग्रजी आणि २०१५ च्या कायद्यानंतर सक्तीची कन्नड, तिन्ही लिप्या एकदमच. कन्नड यायलाच पाहिजे, इथं राहायचंय. पण एकानं स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर मराठीत, दुसरं कन्नडमध्ये लिहिलं. चूक कुठली म्हणून दाखवू?

टिळकवाडीची
गुरुजी, छडीचं सोयीनं विसरलात. माझा भाऊ पाढा चुकला की उलट्या हातावर खायचा. पाचवीत नापास झाला, परत शाळेत गेलाच न्हाई. तुमचा वर्ग शांत होता कारण असली पोरं बाहेर गेली होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारणं बंद झालं, आठवीपर्यंत नापास करणंही. आता तीच पोरं वर्गात बसतात, आणि बाईंना ती छडीशिवाय सांभाळायची आहेत. जड काय ते तुम्हीच सांगा.

निपाणीचा बाप
आणि नापास न्हाई म्हणून सातवीत गेलेल्याला वाचता येईना, त्याचं काय?

इरलंवाला
भावासारखे दोघं माझ्याकडनंही गेले. एकजण आता बाजारात भेटला की पाया पडतो. मला बघवत न्हाई.
बाई, तिसरीचा भागाकार राहिला म्हणालीस. शनिवारी सकाळची शाळा न्हवं? मी येतो.

खडूवाली बाई
या की, गुरुजी. फक्त आधी बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला अर्ज द्यावा लागंल, दोन प्रतीत. कन्नडमधनं.